गाडीतला मायक्रोवेव्ह बदलायचाय? ऑर्डर द्यायच्या आधी एवढं करा

मोटरहोमच्या किचनमध्ये फिट केलेला मायक्रोवेव्ह बंद पडला की पहिला हात मोबाईलकडे जातो, सेल चालू आहे, घेऊन टाकू एक. थांबा. गाडीत हे काम अडतं ते नेहमी बॉक्स घरात आल्यावरच, कारण मग कप्पा पुरत नाही, नाहीतर इन्व्हर्टर ओढत नाही, नाहीतर मागून हवा जायला जागाच नाही. ओव्हन सगळ्यात शेवटी घ्यायचा. कप्प्याचं माप, हवा, वीज आणि धरून ठेवायची सोय ही सगळी उत्तरं कागदावर आली की मॉडेल आपोआप ठरतं.

त्याच्याही आधी जुना खरंच गेलाय का ते बघा. त्याच सॉकेटमध्ये इलेक्ट्रिक किटली लावा, किटलीनेही इन्व्हर्टर ट्रिप झाला तर ओव्हनचाच दोष आहे असं नाही, बॅटरी किंवा वायरिंग बघायला लागेल. किटली नीट चालली तर सोसायटीच्या 16 अँपिअरच्या पॉइंटवरून जाड एक्स्टेंशन ओढून ओव्हन थेट घरच्या विजेवर चालवून बघा, तिथे मस्त चालतोय आणि गाडीच्या विजेवर नुसता घुमतोय, गरम करत नाही, असं असेल तर इन्व्हर्टर मॉडिफाइड साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी सलग लहर न देता पायऱ्या-पायऱ्यांची देणारा) आहे का ते तपासा. मायक्रोवेव्ह नीट चालायला प्युअर साइन वेव्हच लागते. असे कितीतरी चांगले ओव्हन उगाच भंगारात जातात. आणि काहीही झालं तरी ओव्हनची बॉडी स्वतः उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये 2000 व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो, तो जीव घेतो. आत काय बिघडलंय हे बघायचं असेल तर त्या कामाचा मेकॅनिकच बोलवा.

गेलाच आहे हे नक्की झालं की मेजर टेप घ्या. कप्प्याची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे, उंची डावीकडे आणि उजवीकडे, आणि जे सगळ्यात छोटं माप येईल तेच खरं धरायचं. खोली मोजताना जास्त सांभाळा, कारण व्हॅनची बॉडी सरळ उभी नसते, वर जाता जाता आत झुकते, त्यामुळे ओव्हन वरच्या कप्प्यात असेल तर तळाला 42 सेंटिमीटर मिळतात आणि वरच्या कडेला 37च, आणि ओव्हनचा मागचा वरचा कोपरा नेमका तिथे जाऊन आपटतो. त्यात मागे 16 अँपिअरचा प्लग असेल तर तो आणि वायरचं वळण मिळून पाच-सहा सेंटिमीटर सहज खातात. प्लग मागे ठेवूच नका, बाजूच्या कपाटात घ्या, हात पोचेल असा, म्हणजे रस्त्यात काही झालं तर ओव्हन न हलवता प्लग ओढता येईल. मग नेटवर मॉडेलची मापं बघून त्याच मापाचं खोकं पुठ्ठ्याचं बनवा आणि ते गाडीच्या दारातून आत नेऊन कप्प्यात बसवून बघा. ओव्हनचं दार डावीकडे उघडतं, ते नळाला किंवा फ्रीजच्या हँडलला अडकतंय का हेही तेव्हाच कळेल. कप्पा डोक्याच्या वर असेल तर मी म्हणेन हीच वेळ आहे तो खाली आणायची, उकळती डाळ हात वर करून काढणं कुणासाठीच चांगलं नाही, आणि घरात बुटकं किंवा म्हातारं माणूस असेल तर मुळीच नाही.

मॉडेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे, 20 लिटरचा साधा सोलो (नुसतं गरम करणारा, ग्रिल-हीटर नसलेला) घ्या. घराच्या मॉड्युलर किचनसाठी येणारे बिल्ट-इन ओव्हन 60 सेंटिमीटरच्या कपाटाच्या हिशोबाने बनवलेले असतात, जड असतात, आणि कन्व्हेक्शनवाले तर हीटर चालू झाला की 2000 वॅटच्याही वर जातात. गाडीत आपल्याला काय करायचं असतं, सकाळची पोळी-भाजी गरम करायची, दूध, फार तर पापड. फिरती काचेची प्लेट नसलेला, सपाट तळाचा मिळाला तर उत्तमच, खडखड करणारा एक भाग कमी. बाहेरून मागवलेला अमेरिकन आरव्हीचा ओव्हन कुणी स्वस्तात देत असेल तरी नको, तो 120 व्होल्ट 60 हर्ट्झचा असतो, आपल्याकडे 230 व्होल्ट 50 हर्ट्झ. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) रजिस्ट्रेशन मार्क बघून घ्या. आणि गाडीत बसवला तर वॉरंटी चालू राहते का हे कंपनीला आधीच मेलवर विचारून ठेवा, फोनवरचं उत्तर नंतर कामाला येत नाही.

आता विजेचं, इथे जरा वेळ द्या कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. बॉक्सवर 700 वॅट लिहिलेलं असतं ते जेवणात जाणारं आउटपुट असतं, ओव्हन प्रत्यक्षात ओढतो 1100 ते 1200 वॅट, हा आकडा मागच्या स्टिकरवर इनपुट म्हणून असतो, तोच धरायचा. 1200 वॅट, त्यात इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरलं तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 105 ते 115 अँपिअर खेचले जातात. आता आपल्या गाड्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी 100 एएचची (अँपिअर-तास, बॅटरीची साठवण) एकच लिथियम बॅटरी असते आणि तिच्या बीएमएसची (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटची) मर्यादा बहुतेक वेळा 100 अँपिअर, म्हणजे बॅटरी फुल असूनही ओव्हन चालू केल्यावर काही सेकंदात सगळं ठप्प, आणि माणूस नव्या ओव्हनला शिव्या देतो. बॅटरीच्या लेबलवर कंटिन्युअस डिस्चार्ज, म्हणजे सलग देता येणारा करंट, किती आहे ते वाचा. इन्व्हर्टर 2000 वॅटचा प्युअर साइन, आणि व्हीए म्हणजे वॅट नव्हे हे लक्षात ठेवा, 1050 व्हीएच्या होम इन्व्हर्टरमधून साधारण 800-850 वॅटच मिळतात, त्यावर हे चालणार नाही. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर जेवढं कमी तेवढं बरं, वायर 50 स्क्वेअर एमएमची, वायरच्या टोकाला बसतो तो धातूचा लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या (हातोडीने ठोकलेला लग ढिला पडून तापतो), आणि बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज, किती अँपिअरचा ते इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये असतं. इन्व्हर्टर ते सॉकेट 2.5 स्क्वेअर एमएमची तीन कोरची फ्लेक्झिबल तांब्याची वायर, एकाच जाड तारेची नको, ती हादऱ्यांनी आतून तुटते. अर्थिंग चेसिसला नीट आहे का आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) इन्व्हर्टरवर चालतानाही ट्रिप होते का हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, बऱ्याच गाड्यांत ती नुसती बसवलेली असते, तपासलेली कुणीच नसते. एवढं सगळं वाचून घाबरू नका, वापर तसा थोडाच असतो, पाच मिनिटं ओव्हन चालवला तर बॅटरीतले जेमतेम नऊ-दहा एएच जातात.

खरेदीला मुंबईत राहायचा हाच फायदा. वायर, लग, 16 अँपिअरचं सॉकेट, आरसीसीबी लोहार चाळीत, फ्यूज आणि 12 व्होल्टचे पंखे लॅमिंग्टन रोडला, नट-बोल्ट, रबर वॉशर, अॅल्युमिनियमची जाळी आणि अँगल नागदेवीला. रविवारी जाऊ नका, तिकडे बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी ट्रेनने जा, गाडी घेऊन जायचा विचारही नको. क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) घेणार असाल तर डीसी मोजणारा मागा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी करंट मोजतात आणि आपल्याला बॅटरीच्या वायरवरचा बघायचाय. कप्प्याचं प्लाय खराब असेल तर 710 नंबरचं मरीन प्लाय, पार्टिकल बोर्ड अजिबात नाही, त्यात स्क्रू एका कोकण ट्रिपमध्ये ढिले होतात.

हवेचं काय करायचं ते सुताराला बोलवायच्या आधी ठरवा. टेबलावर ठेवायचा ओव्हन बंद कप्प्यात कोंबला की तो तापून स्वतःच बंद पडतो, थंड झाला की परत चालू होतो, आणि लोकांना वाटतं पीस खराब आला. मॅन्युअलमध्ये किती जागा सोडायची ते दिलेलं असतं, साधारण वर 20 सेंटिमीटर, मागे 10, बाजूला 5 असा हिशोब दिसतो, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. गाडीत वर 20 मिळणं कठीण, तेव्हा तसा आग्रह नसलेलं मॉडेल शोधा किंवा कप्प्याची उंची वाढवा. पुढे सनमायकाची फ्रेम लावून छान दिसावं म्हणून सगळ्या फटी बुजवू नका, आमची गाडी ज्या गॅरेजने बनवली त्यांनी नेमकं हेच केलं होतं, चारी बाजूंनी सिलिकॉन भरून. खाली हवा आत यायला जाळी, वर बाहेर जायला जाळी, आणि वरच्या जाळीमागे 120 एमएमचा कॉम्प्युटरवाला पंखा, ओव्हनबरोबर चालू होणारा. जाळ्या किचनच्या बाजूलाच उघडा. गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला भोक पाडू नका, जुलैमध्ये तिथून पाणी आत येणारच, आणि आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाहीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मनाई आहे, तेव्हा बॉडीला हात लावायचाच असेल तर आधी आरटीओत विचारा.

पकड. 11-12 किलोचा डबा आहे, जोरात ब्रेक दाबला की जवळपास तेवढ्याच वजनाचा धक्का पुढे येतो, आणि समोर माणसं बसलेली असतात. म्हणून नुसता कप्प्यात सरकवून चालत नाही, पण ओव्हनच्या बॉडीला ड्रिल मारूनही चालत नाही, आत काय कुठे आहे माहीत नसतं आणि वॉरंटीही जाते. कप्प्याच्या तळाला चारी बाजूंनी अॅल्युमिनियमचा एल अँगल, पुढचा थोडा उंच पण दार उघडेल एवढाच, तो स्क्रूने नाही तर आरपार बोल्ट आणि नायलॉक नटने (आत नायलॉनची रिंग असलेला, हादऱ्याने न सुटणारा), आणि वरून रुंद पट्टा, तो ओव्हनच्या जाळ्यांवरून जाता कामा नये. खाली रबर द्यायचं ते फक्त चार पायांखाली, अख्खी शीट घालू नका, काही ओव्हन तळातूनही हवा घेतात. दार रस्त्यात उघडू नये म्हणून साधं वेल्क्रो किंवा लॅच.

कामाचा दिवस शक्यतो पाऊस नसलेल्या महिन्यातला. सोसायटीत ड्रिल चालवायचंय हे सेक्रेटरीला आधी सांगा, दुपारी दोन ते चार मशीन बंद, वॉचमनला कल्पना द्या की दार दिवसभर उघडं राहणार आहे. मदतीला एक माणूस हवाच. सुरू करायच्या आधी मोबाईलवर प्रत्येक वायरचा आणि स्क्रूचा फोटो, मग गॅसचा रेग्युलेटर बंद, बाहेरची वीज काढा, इन्व्हर्टर बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद, आणि टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने सॉकेट मोजा. ओट्यावर जुनी चादर. पुढची फ्रेम काढा, सिलिकॉन ब्लेडने कापा, मागचे अँगल शोधा, आणि शेवटचा स्क्रू काढताना दुसऱ्याने खालून वजन धरलेलं असू दे. मागे झुरळं निघतील, त्याची मनाची तयारी ठेवा, आणि तिथली प्रत्येक वायर बोटाने चाचपून बघा, उंदीर कुरतडतो तो नेमका न दिसणाऱ्या बाजूने. प्लायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टोचून बघा, आत रुतलं तर तेवढा तुकडा बदलायचा, आजच, नंतर कधी नाही.

नवा बसला की टेस्टिंगची तयारीही यादीत धरा, 1 लिटर मावेल असं काचेचं भांडं आणि किचन थर्मामीटर. रिकामा ओव्हन कधीच चालवायचा नाही. बरोबर 1 लिटर पाणी, आधीचं तापमान लिहा, फुल पॉवरवर 2 मिनिटं, ढवळून परत मोजा, जेवढे अंश वाढले त्याला 35ने गुणा, साधारण तेवढे वॅट पाण्यात गेले. 20 अंश वाढले तर 700 वॅट, म्हणजे सगळं नीट. हे आधी सोसायटीच्या विजेवर आणि मग ताज्या पाण्याने इन्व्हर्टरवर करा, इन्व्हर्टरवर आकडा बराच खाली आला तर वायर, लग, इन्व्हर्टर या क्रमाने हात लावून तापतंय का बघा. मग गाडी थोडी फिरवून आणा, आपल्याकडे खड्डे आणि स्पीड ब्रेकर शोधायला लांब जावं लागत नाही, आणि परत आल्यावर प्रत्येक नटावर पाना फिरवा. पहिल्या घाटानंतर पुन्हा एकदा. काचेची प्लेट असेल तर ती प्रवासात टॉवेलमध्ये गुंडाळून ड्रॉवरमध्ये, खालची रिंग पण.

जुना ओव्हन भंगारवाल्याला देऊ नका. तो हातोडीने फोडणार, कपॅसिटरचा धोका आहेच, शिवाय काही मॅग्नेट्रॉनच्या (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या भागाच्या) सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, ज्याची धूळ फुफ्फुसाला फार वाईट, आणि ती धूळ त्याच्याच पोरांच्या नाकात जाते. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांत नोंदणीकृत रिसायकलरची सोय आहे, किंवा नवा घेताना एक्स्चेंज टाका, म्हणजे डिलिव्हरीवाला घेऊन जातो. फक्त डिलिव्हरीची तारीख जुना बाहेर काढायच्या नंतरची निवडा, आणि बॉक्स त्याच्यासमोरच उघडून काच बघून घ्या.