काढा रात्री, गोळी सकाळी, मग काय होतंय? या चुका टाळा

आमच्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असताना सोबत चूर्ण नाहीतर काढा घेणारं घरटी एकतरी माणूस सापडतं, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "गोळी सकाळी घेतो की हो, काढा रात्री, मधी बारा तास जातात." सगळ्यात मोठी चूक हीच.

इसबगोलाचं ठीक आहे, ते आतड्यात औषध धरून ठेवतं म्हणून तिथं अंतर कामाचं. पण बऱ्याच वनस्पतींचा खेळ लिव्हरमधल्या एन्झाइमांशी असतो. सायटोक्रोम पी-४५० म्हणून एन्झाइमांचं मोठं खटलं आहे, त्यातलं सीवायपी-३ए४ हे कोलेस्टेरॉलचं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, बीपीचं अ‍ॅम्लोडिपिन, किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांचं टॅक्रोलिमस अशी कितीतरी औषधं मोडून काढतं. काही वनस्पती ते अडवतात, मग औषध रक्तात साठत जातं. काही लिव्हरला ते जास्त बनवायला लावतात, मग औषध लवकर संपतं, आणि हा परिणाम चढायला आठवडा-दोन आठवडे, उतरायलाही तेवढेच, तिथं सकाळ-रात्र करून काय उपयोग सांगा.

सेंट जॉन्स वर्ट ही परदेशी वनस्पती त्या दुसऱ्या, औषध लवकर संपवणाऱ्या जातीतली, मूड सुधारायला म्हणून ऑनलाइन मागवतात. हार्ट ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटांची सायक्लोस्पोरिनची (बसवलेलं हार्ट शरीरानं नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) लेव्हल त्यानं पडून रिजेक्शन, म्हणजे तेच नाकारणं, झाल्याचं २००० सालीच छापून आलंय. गर्भनिरोधक गोळ्याही त्यानं कमी पडतात.

दुसरी चूक, "मिरी तर रोज खातो, तिनं काय होणार?" रश्श्यातल्या मिरीबद्दल कोण बोलत नाही. हळदीच्या कॅप्सूलची डबी उलटी करून बघा, बऱ्याचदा बारीक अक्षरात काळ्या मिरीचा एक्स्ट्रॅक्ट लिहिलेला असतो, म्हणजे पायपरिन. फिटचं फेनिटॉइन, बीपीचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफिलिन यांची रक्तातली लेव्हल पायपरिननं वाढते. भारतात टीबीची एक गोळी आहे, तिच्यात रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅमच आहे आणि सोबत १० मिलिग्रॅम पायपरिन, एवढा त्याचा जोर. हे मुद्दाम मोजून केलेलं, आपण करतो ते अंदाजपंचे.

पपनस गणपतीत घरोघरी. ते ग्रेपफ्रूटच्या जवळचं, आणि ग्रेपफ्रूट आतड्यातलं ३ए४ असं बंद पाडतं की परत भरून यायला दोन-तीन दिवस जातात. बीपीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांना ते चालत नाही, तेव्हा आपल्या गोळीचं एकदा विचारून घ्या.

आणि विडी! तंबाखूचा धूर सीवायपी-१ए२ हे त्याच खटल्यातलं, थिओफिलिन मोडणारं एन्झाइम वाढवतो, निकोटिन नव्हे, धूर, त्यामुळं मळून खाणाऱ्याला हे लागू नाही. दम्याला थिओफिलिन घेणाऱ्यानं विडी सोडली (सोडावीच) तर तोच डोस जास्त होऊन मळमळ, धडधड सुरू होते आणि घरचे म्हणतात विडी सोडली म्हणून त्रास होतोय. डोस कमी करून घ्यायचा असतो तिथं.

आता बीपी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी टेस्ट) किंवा औषधाची लेव्हल एकदम बिघडली तर आधी मागच्या तीन आठवड्यांत काय सुरू केलं ते आठवा, आणि काय बंद केलं तेही. वॉरफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस काढा चालू असताना बसवलेला असेल तर काढा मनानंच सोडल्यावरही आयएनआर हलू शकतो, म्हणून सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा. "आयुर्वेदिक घेतो" एवढं सांगून भागत नाही, डबी घेऊन जावा, मागची बाजू दाखवा. सुटी पुडी असेल तर देणाऱ्याकडनं त्यात काय काय आहे ते कागदावर लिहून घ्या, तो सांगत नसेल तर ती पुडी घेऊ नका.