विद्यार्थ्यांचं काम जपताना या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या चित्रांचं आणि इतर कलाकामांचं वर्षअखेरीचं प्रदर्शन उतरलं की कामांचा ढीग कॉलेजच्या संग्रहाच्या दाराशी येतो. "सुट्टीत लावू" म्हणून तो कोपऱ्यात सरकवला की घोळ सुरू होतो. कोणतं काम कोणाचं, हे सांगू शकणारी मुलं तोवर कॉलेज सोडून गेलेली असतात. म्हणून नोंद त्याच दिवशी, विद्यार्थी समोर असताना करायची.

सर्वांत जास्त कामं मी गमावलेली पाहिली ती नुसती मूळ फाइल घेतल्यामुळे. एका मुलीने स्वतः लिहून, चित्रं काढून मराठी गोष्टीचं पुस्तक केलं होतं. पेनड्राइव्हवर मांडणीची एकच फाइल आली, आम्ही ती तशीच कपाटात ठेवली. काही वर्षांनी तिला मुलाखतीसाठी काम हवं होतं. फाइल उघडली तर चित्रांच्या जागी राखाडी चौकोन, कारण फाइलमध्ये चित्रांचे नुसते दुवे होते, चित्रं तिच्या जुन्या लॅपटॉपवरच राहिली होती आणि तो लॅपटॉप केव्हाच भंगारात गेला होता. मजकूर तर पाहवत नव्हता. फॉन्ट युनिकोडच्या (मराठी अक्षरं कुठल्याही संगणकावर तशीच दिसावीत अशी प्रमाण पद्धत) आधीच्या पद्धतीचा, तो आमच्या संगणकावर नाही, त्यामुळे पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. मजकूर तेवढा कन्व्हर्टरमधून परत मिळाला, चित्रं गेली ती गेलीच.

तेव्हापासून मी चार गोष्टी घेतल्याशिवाय पोच देत नाही: चित्रं आणि फॉन्टसकट पॅकेज केलेलं फोल्डर, पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार), मजकूर युनिकोडमध्ये आणि चित्रं टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये. मग सगळं दुसऱ्या संगणकावर विद्यार्थ्यासमोर उघडून बघते. दहा मिनिटं जातात. रांगेतली मुलं कुरकुरतात, नवे सहकारी तर मुलांपेक्षा जास्त. तरी मी ही पायरी सोडत नाही.

अॅनिमेशन आणि इंटरॅक्टिव्ह कामांचा व्हिडिओ करून ठेवाच. फ्लॅश हे अशी कामं चालवणारं सॉफ्टवेअर, त्याचा आधार २०२० अखेर बंद झाला आणि त्यातली कामं नुसती डबलक्लिक करून उघडेनाशी झाली.

सीडीवरची एकमेव प्रत म्हणजे प्रत नाहीच. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' ही फाइलनावं स्वीकारू नका. वर्ष, वर्ग, आडनाव, कामाचं नाव, बस.

आता कागद. लॅमिनेशन करू नका, अगदी प्राचार्यांनी सांगितलं तरी. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक चित्राला धक्का न लावता निघत नाही. सेलोटेपचंही तेच: काही वर्षांत पट्टी सुकून गळते, पण गोंद कागदात मुरलेला असतो आणि तिथे तपकिरी पट्टा कायमचा राहतो. चारकोल किंवा पेस्टलचं काम प्लास्टिकच्या पिशवीत घातलं तर स्थिर विजेने भुकटी उचलली जाते. मी एकदा पिशवी काढली तेव्हा चेहऱ्याची अर्धी सावली प्लास्टिकवर होती. अशा कामाला माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, चौकट करते, म्हणजे वरचा कागद चित्राला टेकत नाही, आणि ते आडवंच ठेवते.

मागे नाव बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल घ्या, कोपऱ्यात, हलक्या हाताने. पिना आणि रबरबँड आत येण्याआधीच काढा.

आणि परवानगी. काम कॉलेजात झालं म्हणून कॉलेजचं होत नाही. जपून ठेवणं, प्रदर्शनात लावणं आणि वेबसाइटवर टाकणं या तिन्हींसाठी मी वेगवेगळी सही घेते. अनेक मुलं पहिल्या दोन्हींवर लगेच सही करतात आणि तिसरीपाशी थांबतात. त्यांना घरी विचार करायला वेळ द्या.