विमानांची चित्रं, फौजी सह्या, मेडलं: जमवताना या चुका टाळा

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, सांब्र्याला हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल आणि खानापूर-चंदगडपासून निपाणीपर्यंत गावोगावी माजी सैनिक. या छंदाला आपल्याकडे वस्तूंची वानवा नाही. नासाडी होते ती घरातच, तीही बहुतेकदा मायेपोटी.

सगळ्यात महागात पडतं ते मेडल ब्रासोनं घासणं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. जाणकार पैसे मोजतो ते त्या कडेचे, चांदीचे नव्हे. खंडेनवमीला तलवारीबरोबर मेडलंही चकाचक करणारी घरं आहेत. असं मेडल भिंगाखाली धरा: अक्षरांच्या धारा गेलेल्या, नंबरातला 3 आहे की 8 तेही कळत नाही. मऊ सुक्या फडक्यानं धूळ टिपा, पुढे हात लावू नका. विकत घेताना उलटी भानगड असते. मूळ नाव कानशीनं काढून दुसरं ठोकलेलं असू शकतं. व्हर्नियर कॅलिपरनं तीन-चार ठिकाणी व्यास मोजा आणि त्याच जातीच्या न छेडलेल्या मेडलशी ताडून बघा.

सहीच्या बाबतीत लोक अक्षराचं वळण बघतात, तारखा बघत नाहीत. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यामुळे त्यांच्या सहीपुढे ‘व्हीसी’ लिहिलेला कागद कुणी दाखवला तर चहा पिऊन उठावं. चित्रांवरच्या सह्यांना सोनाराचं दहापट भिंग लावा. छापील सही बहुधा रंगीत ठिपक्यांत फुटते. पेन्सिलीची खरी सही तिरप्या उजेडात करडी चमकते, कागदावर दाबही जाणवतो.

चित्रातलं विमानही तपासा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी खुणेशी गल्लत होऊ नये म्हणून दोस्त राष्ट्रांच्या विमानांवरच्या गोल खुणेतला लाल ठिपका काढून टाकला होता. 1944 सालच्या ब्रह्मदेशावरच्या स्पिटफायरला लाल ठिपका दिसला, तर चित्रकारानं अभ्यास केलेला नाही. चित्र आवडलं तर खुशाल घ्या, पण अभ्यासपूर्ण चित्राचा भाव देऊ नका.

आता पावसाळा. आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, भिंती महिनोन्‌महिने ओल धरतात. फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड ठोकतो, चित्र फेविकॉलनं चिकटवतो, काच थेट कागदावर बसवतो. गणपतीपर्यंत काचेला बुरशी, वर्षा-दोन वर्षांत कागदाला पिवळे डाग. दुकानदाराला आधीच बजावा: आम्लरहित माउंट बोर्ड, चित्र फक्त कोपऱ्यांच्या कागदी खाचांत, काच आणि कागदात माउंटची जाडी. फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीपासून हवा खेळती राहते. पश्चिमेची भिंत टाळाच. स्केच पेनची सही उन्हानं उडते, पेन्सिलीची तग धरते. आणि लॅमिनेशन? कधीच नाही. ते नीट सोडवता येत नाही.

वस्तू घेतली, पण तिच्यासोबतचं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), पाकिटं, फोटोमागचा मजकूर रद्दीत गेला, हे तर नेहमीचंच. उतारा न बघता शेत घेणारा माणूस मेडल मात्र नुसत्या सांगण्यावर घेतो! कुटुंबाकडून घेत असाल तर वस्तू कुणाची, कशी आली हे दोन ओळींत लिहून सही-तारखेसह घ्या. घरातल्या सगळ्या भावांना विक्री मान्य आहे ना, तेही विचारा. नाहीतर वर्षभरानं एखादा दारात उभा राहतो.

कायद्याचंही बघा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकतात. हस्तलिखितं आणि कागदपत्रांना ही मर्यादा 75 वर्षं आहे. पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे पहिल्या महायुद्धातलं मेडल लंडनच्या लिलावाला कुरिअर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.