जागतिकीकरण आणि माध्यमं: प्रोजेक्ट लिहिताना या चुका टाळा

नाशकात समाजशास्त्राच्या एम.ए.ला ‘जागतिकीकरणाचा माध्यमांवर परिणाम’ हा विषय कुणी ना कुणी घेतंच. पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं: ‘१९९१ साली भारताने नवे आर्थिक धोरण स्वीकारले.’ गाडी तिथेच घसरते.

उपग्रह वाहिन्या १९९१ च्या सुमारास आल्या हे खरं, पण माध्यमांची सीमेपलीकडून ये-जा फार जुनी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये पडद्यावर आणला तो राजा हरिश्चंद्र. पुढे चित्रपटांचं काम त्यांनी नाशकातच थाटलं. तंत्र विलायतेचं, गोष्ट घरची. त्यांचं स्मारक पांडवलेण्याच्या पायथ्याशी आहे. पहिलं प्रकरण तिथून सुरू केलंत तर मार्गदर्शकही जरा सावरून बसतील.

पुढची चूक सर्वांत महागात पडते: जागतिकीकरण म्हणजे अमेरिकीकरण असं धरून चालणं. अमेरिकी माध्यम-अभ्यासक हर्बर्ट शिलर यांनी १९६९ मध्ये अमेरिकी माध्यमांच्या साम्राज्याबद्दल लिहिलं ते त्या काळाकडे बघून. ते जसंच्या तसं आजच्या हॉलमधल्या टीव्हीला चिकटवू नका. ‘बिग बॉस मराठी’ घ्या. मूळ साचा नेदरलँड्सचा, १९९९ चा. भांडणं मात्र अस्सल मराठी. समाजशास्त्रज्ञ रोलंड रॉबर्टसन यांची ‘ग्लोकलायझेशन’ (जगभरची गोष्ट स्थानिक रंगात उतरणं) ही कल्पना इथे कामाला येते.

पण लगेच ‘म्हणजे आपली संस्कृती जिंकली’ असं लिहून मोकळं होऊ नका. साचा परवाना घेऊन वापरलेला असतो, आणि स्थानिक रंग हा त्या धंद्याचाच भाग. म्हणून मालकी तपासा. स्टार हे वाहिन्यांचं जाळं १९९१ मध्ये हाँगकाँगहून सुरू झालं, १९९३ मध्ये त्यातला मोठा हिस्सा माध्यमसम्राट रुपर्ट मर्डोक यांनी घेतला, २०१९ मध्ये स्टार इंडिया डिस्नेकडे गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा व रिलायन्सच्या वायकॉम१८चा (कलर्स मराठी यांचीच) संसार एक झाला. म्हणजे सासूबाईंनी स्टार प्रवाह बदलून कलर्स मराठी लावलं तरी पैसे एकाच घरात. त्या घरात डिस्नेचा वाटा साधारण ३७ टक्के. आता याला पाश्चात्त्य म्हणाल की देशी? या प्रश्नावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच कुणी लिहीत नाही.

प्रश्नावलीचं दुखणं वेगळं. ‘पाश्चात्त्य मालिकांचा तुमच्यावर परिणाम होतो का? होय/नाही.’ अशा प्रश्नाला उत्तरही तसंच मिळणार. त्यात गूगल फॉर्म फिरतो मावसभावंडांत आणि कॉलेज रोडवरच्या मित्रांत, नि तक्त्याचं शीर्षक मात्र ‘नाशिककरांचे मत’! त्यापेक्षा विचारा: काल रात्री काय पाहिलं? फोन कुणाच्या हातात होता? मध्येच बंद कुणी करायला लावलं?

तामार लिबेस आणि एलिहू कॅट्झ या माध्यम-अभ्यासकांनी इस्रायलमध्ये वेगवेगळ्या समाजांतल्या गटांना घरी एकत्र बसवून ‘डलास’ ही अमेरिकी मालिका दाखवली आणि नंतर गोष्ट सांगायला लावली. प्रत्येक गटाने ती आपापल्या परीने सांगितली. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचा मुद्दाही हाच: प्रेक्षक मजकूर जसाच्या तसा गिळत नाही, मान्य करतो, घासाघीस करतो किंवा सरळ उलटवतो. सिडको, पंचवटी आणि अंबडमधली तीन घरं नीट ऐकलीत तर शंभर फॉर्मपेक्षा जास्त हाती लागेल. फक्त त्यावरून अख्ख्या शहराबद्दल बोलू नका.

मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराईंनी सांगितलेले जागतिकीकरणाचे पाच प्रवाह (माणसं, माध्यमं, तंत्रज्ञान, पैसा, विचार) सगळेच पाठ करून उतरवतात. ते एका चालीने चालत नाहीत, हा मूळ मुद्दा मात्र राहून जातो. अंबडच्या कारखान्यातला बिहारी तरुण पाळी संपवून खोलीवर भोजपुरी रील बघतो: माणूस इथे आला, करमणूक गावाकडचीच राहिली. त्याला भेटायला जाताना साप्ताहिक सुट्टी कधी ते आधी विचारा, रविवार धरून चालू नका.