डिस्प्ले निवडताना या चुका टाळा

स्वतःचं इलेक्ट्रॉनिक यंत्र बनवताना आधी सेन्सर ठरतो, मग मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप), मग बॅटरी, मग डबा. सगळं जुळलं की शेवटी विचार येतो, "आता एक छानशी स्क्रीन लावून टाकू." मला वाटतं, डिस्प्लेच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या क्रमातच आहे. किती रॅम लागेल, किती पिना अडकतील, बॅटरी किती तास टिकेल आणि डब्याला खिडकी केवढी पाडायची, हे सगळं स्क्रीन ठरवते. म्हणून तिचा विचार पहिल्याच कागदावर व्हायला हवा.

टेबलावर पाहून निवड करणं

पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारं एक यंत्र मी केलं होतं. २.४ इंची टीएफटी (रंगीत एलसीडी स्क्रीन), निळ्या पट्टीत चढता-उतरता आकडा. खोलीत ते सुरेख दिसायचं. गच्चीवर बसवलं आणि दुपारी बारा वाजता बघायला गेलो, तर काचेत माझाच चेहरा. तळहाताने सावली धरून, मान तिरकी करून आकडा वाचावा लागला.

कारण सरळ आहे. अशा टीएफटीत मागून येणारा बॅकलाइटचा उजेड गाळून चित्र तयार होतं आणि उन्हापुढे तो उजेड टिकत नाही. साध्या पॅनेलची चमक २५० ते ३०० निटच्या (निट हे चमक मोजायचं एकक) आसपास असते. उन्हात वाचता यावं म्हणून बनवलेली पॅनेलं ८०० ते १००० निटची किंवा त्याहून जास्त चमकदार असतात आणि तेवढी वीजही खातात. उघड्यावर बसणाऱ्या यंत्राला बाहेरचा उजेड परावर्तित करणारा डिस्प्ले घ्यावा: साधा सेगमेंट एलसीडी (कॅल्क्युलेटरवर असतो तसा), मेमरी एलसीडी (ठिपक्यांतच चित्र लक्षात ठेवणारा) किंवा ई-पेपर (ई-बुक रीडरवर असतो तसा). ऊन जितकं कडक, तितका तो स्पष्ट दिसतो.

कोनाचंही तसंच. स्वस्त टीएन प्रकारचं एलसीडी पॅनेल एका ठरावीक बाजूने बघण्यासाठी बनवलेलं असतं. डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) ते "६ वाजता" किंवा "१२ वाजता" असं घड्याळाच्या भाषेत दिलेलं असतं. ६ वाजताचं पॅनेल खालच्या बाजूने नीट दिसतं. ते कमरेच्या उंचीवर बसवून वरून पाहिलं, तर रंग उलटेपालटे होतात. सगळ्या बाजूंनी बघायचं असेल तर आयपीएस प्रकारचं पॅनेल घ्या.

इंच मोजणं, अक्षर न मोजणं

०.९६ इंची ओलेड (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा डिस्प्ले) सगळ्यांच्या आवडीचा. १२८ × ६४ ठिपके म्हटल्यावर पुष्कळ वाटतात. पण त्याची उजळणारी जागा जेमतेम २२ × ११ मिलिमीटर असते, म्हणजे एक ठिपका सुमारे ०.१७ मिलिमीटरचा. नेहमीचा ७ ठिपके उंचीचा फाँट वापरला तर अक्षर १.२ मिलिमीटर उंच येतं. याउलट जुन्या १६ × २ (सोळा अक्षरांच्या दोन ओळींच्या) एलसीडीवरचं अक्षर ५ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि हात लांब करूनही वाचता येतं.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. स्क्रीनच्या उजळणाऱ्या भागाएवढा कागद कापा, त्यावर खऱ्या मापात मजकूर छापा, जिथे यंत्र बसणार तिथे चिकटवा आणि जिथून बघणार तिथे उभे राहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण मागवलेला डिस्प्ले परत करायची वेळ टळते. माप घेताना पूर्ण मॉड्यूल (सर्किटच्या पाटीसकट), काच आणि उजळणारा भाग ही तिन्ही मापं वेगळी असतात, हे विसरू नका. डब्याची खिडकी चुकते ती इथेच.

रॅमचा हिशेब न करणं

हा हिशेब दोन ओळींचा आहे. १२८ × ६४ ठिपक्यांना प्रत्येकी एक बिट धरला तर १०२४ बाइट. आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये एकूण रॅम २०४८ बाइट. म्हणजे नुसत्या चित्राने निम्मी जागा घेतली. इथे फसवणूक अशी, की काही लायब्ररी (तयार कोडचे संच) ही जागा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मागतात. कंपायलर (आपला कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) सांगतो, "६० टक्के रॅम वापरली", आपण निर्धास्त होतो आणि स्क्रीन काळीच राहते. अशा वेळी वायरी उचकटण्याआधी डिस्प्ले सुरू करणारं फंक्शन यशाची खूण परत देतंय का ते सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) छापून बघा. जागा अपुरी असेल तर यू८जी२ लायब्ररीची तुकड्यातुकड्याने चित्र काढणारी पद्धत वापरा. तिला १२८ बाइटही पुरतात.

रंगीत स्क्रीनवर गणित आणखी मोठं. २४० × ३२० ठिपके, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे १,५३,६०० बाइट. ऊनोची एसपीआय (स्क्रीनला डेटा पाठवणारी जोडणी) जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झने धावते, त्यामुळे एक पूर्ण चित्र पाठवायलाच ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम सहा चित्रं. पडदा वरून खाली पुसला जाताना दिसतो तो यामुळेच. सरकता आलेख हवा असेल तर ४० मेगाहर्ट्झने पाठवू शकणारा ईएसपी ३२सारखा कंट्रोलर घ्या, नाहीतर बदललेला आकडा जेवढ्या चौकोनात आहे तेवढाच पुन्हा काढा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

ड्रायव्हर चिपचा नंबर न विचारणं

"१.३ इंची ओलेड" हे अपुरं वर्णन आहे. काचेमागे ठिपके चालवणारी ड्रायव्हर चिप एसएसडी १३०६ आहे की एसएच ११०६, हे कळल्याशिवाय मागवू नका. एसएच ११०६ची मेमरी १३२ रकान्यांची, काच मात्र १२८ची. १३०६चा कोड तिच्यावर चालवला की चित्र दोन ठिपके सरकतं आणि कडेला भरकटलेल्या ठिपक्यांची उभी रेघ दिसते. काही लायब्ररींत तर पूर्ण पडदा कचऱ्याने भरतो. मॉड्यूल खराब नसतं, फक्त कोडमध्ये ड्रायव्हरचं नाव बदलायचं असतं.

आयटूसी या दोन वायरींच्या जोडणीत प्रत्येक उपकरणाला पत्ता असतो, त्याचाही घोळ होतो. ओलेडच्या पाठीवर हेक्स (१६ पायाच्या) अंकांत ७८ छापलेलं दिसतं, पण कोडमध्ये ३सी लिहावं लागतं, कारण छापलेला पत्ता आठ बिटांचा आणि लायब्ररीला हवा तो सात बिटांचा. १६ × २च्या आयटूसी पाटीवर पीसीएफ ८५७४ चिप असेल तर पत्ता बहुधा २७, ८५७४ए असेल तर ३एफ. आयटूसी स्कॅनर (जोडलेल्या उपकरणांचे पत्ते शोधणारा छोटा प्रोग्रॅम) आधी चालवावा आणि तो दाखवेल तो पत्ता घ्यावा.

व्होल्टेज आणि बॅटरी

बऱ्याच टीएफटी मॉड्यूलवर रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवणारा भाग) असतो, म्हणून व्हीसीसीला (वीज देण्याच्या पिनला) ५ व्होल्ट चालतात. त्यावरून सिग्नलच्या पिनांनाही ५ व्होल्ट चालतील असं धरू नका. आयएलआय ९३४१सारख्या चिपला ३.३ व्होल्टचेच सिग्नल हवेत. मध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज बदलणारी छोटी पाटी) घाला.

छोट्या टीएफटीचा नुसता बॅकलाइट ६० ते ८० मिलिअँपिअर सहज घेतो. १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्यावर अर्धा दिवस चालेल, इतकंच. ओलेडचा खर्च पेटलेल्या ठिपक्यांवर असतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर मोजकी अक्षरं ठेवा. तोच मजकूर महिनोन्‌महिने तिथेच ठेवला तर त्याचा डाग कायमचा उमटतो. अधूनमधून जागा हलवा. ई-पेपर वीज गेल्यावरही चित्र धरून ठेवतो, पण पूर्ण चित्र बदलताना काही सेकंद लुकलुकतो. सेकंदकाटा दाखवायला तो घेऊ नका.

देवनागरी हवी असेल तर

१६ × २वर स्वतःची फक्त आठ चिन्हं साठवता येतात, तेवढ्यात मराठी बसत नाही. ग्राफिक स्क्रीनवर देवनागरी फाँट टाकला तरी साध्या लायब्ररी अक्षरं एकामागून एक मांडतात, त्यामुळे "स्थिती"मधली पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षर फुटतं. ठरलेले शब्द संगणकावर चित्र म्हणून तयार करून मेमरीत ठेवणं, हाच सध्या भरवशाचा मार्ग.

काहीच दिसत नाही तेव्हा

१६ × २वर नुसता बॅकलाइट दिसत असेल तर आधी काँट्रास्टचा स्क्रू फिरवा. पहिल्या ओळीत ठसठशीत चौकोन असतील तर वीज आणि काँट्रास्ट ठीक आहेत, पण चिपला सुरुवातीच्या सूचना मिळालेल्या नाहीत; वायरी आणि पत्ता तपासा. अक्षरं पुसट असतील तर ५ व्होल्टच्या एलसीडीला ३.३ व्होल्ट दिलेत का बघा. टीएफटी पांढरीफटक असेल तर रीसेट, डीसी (डेटा की सूचना ते सांगणारी) आणि सीएस (चिप निवडणारी) या तीन पिना, मग ड्रायव्हरचं नाव, मग सिग्नलचं व्होल्टेज, या क्रमाने जा. लाल-निळा उलटा दिसणं ही सेटिंगची बाब आहे, वायरीची नाही.

आणि चार पिनांचा ओलेड बदलताना नवा जुन्याच्या जागी थेट खुपसू नका. दिसायला जुळ्या असलेल्या दोन मॉड्यूलांवर व्हीसीसी आणि ग्राउंड यांची जागा उलटसुलट असते. पाटीवर छापलेली अक्षरं वाचा, मगच वीज द्या.