बॅटरी कारखान्यातील शिशाचा धोका कसा तपासावा

शिसे घातक असते हे बॅटरी कारखान्यात सगळेच जाणतात; ते कोणाच्या अंगात, कोणत्या वाटेने आणि किती जाते, याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेड-ॲसिड बॅटरीच्या कारखान्यात हे काम ज्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे असेल, त्याने हवेचे नमुने घेणाऱ्यांना बोलावण्याआधी एक अख्खी शिफ्ट शॉप फ्लोअरवर उभे राहून पाहावे.

धुळीची मुख्य ठिकाणे म्हणजे ऑक्साइड मिल (जिथे शिशाची ऑक्साइड भुकटी बनते), पेस्टिंग (जिथे त्या भुकटीची पेस्ट प्लेटांवर लावतात) आणि सुकलेल्या प्लेटा कापण्याची व रचण्याची टेबले. ओली पेस्ट निरुपद्रवी वाटते, पण जमिनीवर सांडून वाळली आणि पायाखाली चुरडली गेली, की तीच हवेत उडते. कोरडा झाडू फिरवला जात असेल, तर झाडणाऱ्याचे नाव तपासणीच्या यादीत सर्वांत आधी घालावे, कारण बहुधा तो कंत्राटी असतो आणि यादीतून सुटतो. ग्रिड कास्टिंगला, म्हणजे प्लेटांच्या जाळ्या ओतताना, शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, परंतु 500 अंशांच्या पुढे त्याचा धूर झपाट्याने वाढतो, म्हणून भांड्याच्या तापमानाची नोंदवही जरूर पाहावी. फॉर्मेशनमध्ये, म्हणजे प्लेटा ॲसिडमध्ये पहिल्यांदा चार्ज करताना, मुख्य त्रास ॲसिडच्या वाफेचा असतो.

हवेचा नमुना कामगाराच्या कॉलरजवळ, म्हणजे श्वासाच्या टप्प्यात घ्यावा. भिंतीला टांगलेला पंप भिंतीचाच धोका सांगतो. समजा पंप मिनिटाला 2 लिटर हवा ओढत 8 तास चालला, तर 960 लिटर, म्हणजे 0.96 घनमीटर हवा फिल्टरमधून गेली. फिल्टरवर 0.12 मिलिग्रॅम शिसे सापडले, तर प्रमाण 0.125 मिलिग्रॅम प्रति घनमीटर होते. नोव्हेंबर 2025 मध्ये रद्द झालेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीसाठी 0.15 ची मर्यादा होती, त्या हिशेबाने कागदावर हा कामगार सुरक्षित ठरतो. अमेरिकेने 1978 मध्ये घातलेली मर्यादा 0.05 आहे आणि तिच्या हिशेबाने तो अडीचपट धोक्यात आहे. माझ्या मते दुसराच आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

तरीही हवा हा निम्माच हिशेब आहे. प्लेटा रचून उठलेला माणूस हात न धुता तळहातावर तंबाखू-चुना मळतो आणि ओठात ठेवतो, तेव्हा मास्क कितीही चांगला असला तरी शिसे थेट पोटात जाते. म्हणून डबा कुठे उघडतात, नळावर साबण असतो का आणि गणवेश घरी धुतला जातो का, हे प्रत्यक्ष पाहून लिहावे. प्रौढ माणसाच्या आतड्यात गिळलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग शोषला जातो, लहान मुलांत मात्र तो जवळपास निम्मा असू शकतो. गणवेश घरच्या बादलीत भिजत असेल, तर तपासणी कारखान्याच्या फाटकापाशी थांबवता येत नाही.

रक्ताचा नमुना शिफ्टपूर्वी, हात कोपरापर्यंत साबणाने धुवून आणि शिशासाठी प्रमाणित केलेल्या नळीत घ्यावा, कारण त्वचेवरची धूळ निकाल फुगवते. रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, हाडांत साठलेले मात्र अनेक वर्षे राहते. त्यामुळे एका आकड्यापेक्षा कामावर घेण्याआधीचा आणि त्यानंतरचे आकडे शेजारीशेजारी मांडून त्यांचा कल पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधायला हवा. पोटात कळा, बद्धकोष्ठता, सांधेदुखी यांची विचारपूस जरूर करावी, पण तक्रार नाही म्हणजे धोका नाही असे धरू नये: मूत्रपिंडाचे नुकसान आणि रक्तदाब बराच काळ मुकाट्याने वाढतात. गर्भवतीच्या रक्तातील शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते, त्यामुळे तिला तातडीने शिशाच्या कामावरून हलवावे.

आकडा वाढला की त्या माणसाला दुसऱ्या विभागात पाठवून जागेवर नवा माणूस उभा करण्याची पद्धत सोयीची असली, तरी तिने धुळीचे काहीच बिघडत नाही. विभाग बदलल्याची तारीख रक्ताच्या नोंदीसमोर लिहावी आणि त्या जागेवर आलेल्या नव्या माणसाचे रक्त दोन महिन्यांनी तपासावे.