विदर्भातल्या खेड्यातून वेबसाइट चालवताना वाचक कसे आणावेत

वेबसाइटवर वाचक मुख्यतः तीन वाटांनी येतात: गूगलच्या शोधातून, व्हॉट्सॲप-फेसबुकवरच्या लिंकमधून आणि जाहिरातीतून. फॉरवर्ड झालेल्या लिंकवरून आलेली गर्दी दोन दिवसांत ओसरते. ‘कपाशीत डोमकळी (बोंडअळीमुळे मिटून राहिलेलं फूल) दिसली तर काय करावं’ असं गूगलला विचारून आलेला शेतकरी मात्र पान शेवटपर्यंत वाचतो, आणि तोच प्रश्न पुढच्या खरिपात दुसरा कुणी विचारतो. म्हणून मेहनतीचा मोठा वाटा शोधाला द्या, मग व्हॉट्सॲपला, आणि जाहिरातीचा विचार शेवटी करा.

गूगलला तुमचं पान वाचता येतं का?

मराठी साइटचं सगळ्यात मोठं नुकसान टायपिंगमध्ये होतं. तालुक्याच्या ठिकाणी डीटीपीवाल्याकडून मजकूर करून घेतला, तर तो बऱ्याचदा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. छपाईला तो चालतो, पण वेबवर त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते आणि गूगलला त्यातला एक शब्दही कळत नाही. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीतच हवा. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला असेल, तर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. तिथे हमखास चुका राहतात. दुसरी चूक म्हणजे सगळी माहिती फ्लेक्ससारख्या रंगीत चित्रात टाकणं. चित्रातला मजकूर शोधात भरवशाने सापडत नाही. चित्र लावायचं तर लावा, पण तीच माहिती खाली अक्षरांत लिहा.

मग गूगल सर्च कन्सोलवर साइट नोंदवा. तुमची पानं शोधात कशी दिसतात, ते तिथे कळतं. ही सेवा फुकट आहे. ब्लॉगरवरचा ब्लॉग त्याच गूगल खात्यातून जोडला, तर मालकीची पडताळणी सहसा आपोआप होते. वर्डप्रेसवर एक छोटा टॅग साइटच्या हेडमध्ये (पानाच्या कोडच्या वरच्या भागात) टाकावा लागतो, किंवा डोमेन (साइटचं नाव) जिथून घेतलं तिथे गूगलने दिलेल्या ओळीची टीएक्सटी नोंद करावी लागते. त्यानंतर साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी द्या. ब्लॉगरचा साइटमॅप तयारच असतो, आणि वर्डप्रेसमध्येही २०२० साली आलेल्या ५.५ आवृत्तीपासून तो आपोआप बनतो. नवं पान टाकलं की त्याचा पत्ता वरच्या तपासणीच्या चौकटीत टाकून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबा. एकदा पुरे. रोज दाबल्याने काम लवकर होत नाही.

महिना उलटूनही एकही पान शोधात दिसत नसेल, तर आधी सेटिंग बघा. वर्डप्रेसमध्ये ‘सेटिंग’ खाली ‘रीडिंग’मध्ये सर्च इंजिनना थोपवणारी एक चौकट असते. साइट बनवताना कधी कधी ती टिकमार्क केली जाते आणि नंतर काढायची राहून जाते. ब्लॉगरमध्ये अशीच सोय ‘प्रायव्हसी’खाली आहे.

शोधात न आलेल्या पानांपुढे कन्सोलमध्ये दोन वेगळे शेरे दिसतात. ‘डिस्कव्हर्ड’ म्हणजे गूगलला पान माहीत आहे, पण ते अजून तिथे फिरकलेलं नाही. नव्या साइटला असं होतंच. जुन्या पानांवरून नव्या पानाला दुवे द्या आणि थांबा. ‘क्रॉल्ड’ म्हणजे गूगल येऊन गेलं, वाचलं आणि ठेवलं नाही. हा शेरा मनावर घ्यायचा. पान चार ओळींचं आहे, दुसरीकडून उचललेलं आहे, किंवा तुमच्याच साइटवर त्याच विषयाची तीन पानं आहेत, यांपैकी एक कारण बहुधा निघतं. सरकारी योजनेचा जीआर जसाच्या तसा चिकटवलेली पानं इथेच अडकतात. त्याच जीआरवरून कोणता कागद कुठून काढायचा आणि फॉर्मचा कोणता रकाना लोक चुकवतात, हे लिहिलेलं पान टिकतं.

शब्द वाचकाचे

कृषी विद्यापीठाच्या पत्रकात ‘कपाशी’ असते. वावरात उभा माणूस ‘पराटी’ म्हणतो, कुणी ‘पऱ्हाटी’ लिहितो, आणि कित्येक जण फोनवर इंग्रजी अक्षरांतच मराठी टाइप करतात. मथळ्यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द ठेवा, आणि बाकीचे पहिल्या दोन परिच्छेदांत सहज येऊ द्या: ‘कपाशीच्या, म्हणजे आपल्याकडच्या पराटीच्या फुलांत…’ असे. एकच शब्द पंधरा वेळा कोंबलेलं पान वाचवत नाही आणि गूगललाही ते खटकतं.

कोणता शब्द जास्त चालतो, हे बघायला पैसे लागत नाहीत. गूगलच्या चौकटीत ‘डोमकळी’ टाइप करून थांबा आणि खाली सुचणाऱ्या ओळी उतरवून घ्या. शोधाच्या निकालात ‘लोक हेही विचारतात’ अशी प्रश्नांची पेटी आली, तर तीही लिहून घ्या. त्यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक उपमथळा.

शब्दाचा घोळ कसा होतो, ते सांबारावरून बघा. नागपूर-अमरावतीकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. रेसिपीच्या मथळ्यात नुसतं ‘सांबार’ टाकलं, की तुमचं पान इडलीबरोबरच्या सांबाराच्या गर्दीत हरवतं. ‘कोथिंबीर वडी’ लिहिलं, तर ती उकडून कापलेली वडी हवी असलेले लोक येतात आणि लगेच परत जातात. ‘नागपुरी सांबारवडी (पुडाची वडी): सारण कोरडं कसं ठेवावं’ हा मथळा नेमक्या माणसाला बोलावतो. दोन्ही नावं आली, गाव आलं, आणि जी अडचण घेऊन तो शोधतोय तीही आली. मोबाइलवर लांब मथळा मध्येच कापला जातो, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता क्रोममधून कॉपी केला, की प्रत्येक अक्षराची आणि मात्रेची नऊ चिन्हं होतात. ‘डोमकळी’ एवढ्या शब्दाची चोपन्न. व्हॉट्सॲपवर ती टक्क्याच्या चिन्हांची माळ बघून लोकांना फसवणुकीची लिंक वाटते आणि ते दाबत नाहीत. ब्लॉगरमध्ये उलटा त्रास आहे: मराठी मथळा दिला, की पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एक आकडा असा निर्जीव बनतो. म्हणून प्रकाशित करण्याआधी उजव्या बाजूच्या पर्मालिंकमध्ये तीन-चार शब्दांचा पत्ता स्वतः लिहा.

पान हंगामाच्या आधी हवं

गूगलला नवं पान ओळखून वर आणायला आठवडे लागतात. जूनमध्ये लागलेल्या कपाशीत पात्या-फुलं लागताच डोमकळी दिसू लागते. तेव्हा पान लिहायला बसाल तर शोधणारे आधीच दुसरीकडे गेलेले असतील. मृगाच्या सुमारालाच ते तयार हवं. संत्र्याच्या बहाराचं, धानाच्या रोवणीचं, तान्ह्या पोळ्याचं पान दीड-दोन महिने आधी. झाडीपट्टीतली नाटकं दिवाळीनंतर रंगतात, त्यामुळे वडसा आणि आसपासच्या प्रयोगांवर लिहिणाऱ्याने दसऱ्याआधीच पाया घालावा. ताडोब्याचं कोअर क्षेत्र पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असतं. सफारी, मुक्काम, गेट यांवरची पानं दुरुस्त करायला तेच तीन महिने आहेत.

दरवर्षी नवं पान करू नका. गेल्या वर्षीचंच पान उघडा, दर आणि तारखा बदला, नवे फोटो लावा, वर ‘सुधारित’ म्हणून तारीख टाका. पत्त्यात साल लिहायचंच नाही, नाहीतर पुढच्या वर्षी जुन्या पानाचं सगळं वजन सोडून शून्यातून सुरुवात.

पानाची सुरुवात उत्तराने करा. डोमकळीच्या पानावर पहिल्या चार ओळींत एवढं यायला हवं: पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी, आत गुलाबी बोंडअळी असते, अशी फुलं तोडून अळीसकट नष्ट करा, नजर ठेवायला हेक्टरी ५ म्हणजे एकरी २ कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे) लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले, की फवारणीचा निर्णय घ्या. त्याच्या बाजूला फूल उकलून अळी दिसेल असा, जवळून काढलेला स्वतःचा फोटो. औषधाचं नाव आणि मात्रा लिहिताना अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची चालू शिफारस बघा आणि ती कुठली, कधीची, हे पानावर लिहा. चुकीच्या मात्रेने कुणाचं पीक जाईल, कुणाला विषबाधा होईल. इथे अंदाज चालत नाही. खाली लिहिणाऱ्याचं नाव, तालुका आणि या कामाशी असलेला संबंध द्या.

फोनमधला फोटो ४-५ एमबीचा असतो. तो तसाच चढवला, की गावाबाहेरच्या वावरात दोन दांड्यांच्या नेटवर्कवर पान उघडतच नाही. रुंदी १२०० पिक्सेल, प्रकार वेबपी, वजन १००-१५० केबी. गूगलच्या मोजमापात पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला तर ते चांगलं. पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकून ‘मोबाइल’चा आकडा बघा. मराठी वेबफॉन्ट जड असतात, म्हणून एकच वापरा, किंवा फोनमधलाच चालू द्या.

व्हॉट्सॲप

विदर्भातल्या गावात ईमेलची यादी जमवण्यात फारसा अर्थ नाही, कारण लोक मेल उघडत नाहीत. व्हॉट्सॲप उघडतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्याने सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. यादी भरली आणि वाचक आले नाहीत, तर कारण बहुधा हेच. म्हणून नंबर घेताना समोरच उभं राहून आपला नंबर सेव्ह करायला सांगा, आणि कशाबद्दल किती वेळा मेसेज येईल तेही सांगा. न विचारता कुणाला यादीत किंवा ग्रुपमध्ये घालू नका. चार जणांनी ‘रिपोर्ट’ केलं, तर खातंच बंद पडू शकतं. व्हॉट्सॲपच्या चॅनेलवर नंबर सेव्ह करण्याची भानगड नाही. भारतात ते सप्टेंबर २०२३ पासून आहे, आणि त्यात फॉलो करणाऱ्याचा नंबर इतर फॉलोअरना दिसत नाही. आठवड्याला दोन मेसेज पुरतात.

लिंकसोबत चित्राची पाटी दिसली, तर लोक दाबतात. ती पाटी पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते. नेटवर्क मंद असताना लिंक चिकटवून लगेच पाठवली, की नुसता निळा पत्ता जातो. पाटी उमटेपर्यंत थांबा. तरी येत नसेल, तर पानाचं मुख्य चित्र जड असतं. १२०० बाय ६३० पिक्सेलचं, ३०० केबीच्या आतलं लावा. जुनंच चित्र दिसत राहिलं, तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून पाठवा, नवी पाटी तयार होते. लिंकच्या वर दोन ओळी हव्यातच, आणि त्यांत अर्धं उत्तर असू द्या. ‘नक्की वाचा’ असं लिहिलेली लिंक कुणी उघडत नाही.

तालुक्याच्या फेसबुक ग्रुपवरही हेच: उत्तर पोस्टमध्ये द्या, बाकी तपशिलासाठी लिंक. इन्स्टाग्रामवर मजकुरातली लिंक दाबली जात नाही. ती बायोमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरवर टाका. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातल्या लिंक २०२३ पासून चालत नाहीत, मोठ्या व्हिडिओच्या वर्णनातल्या चालतात.

आठवडी बाजार आणि कृषी केंद्राचा काउंटर विसरू नका. मालकाला विचारून एक क्यूआर कोड चिकटवा. हातात धरायच्या पत्रकावर तो किमान अडीच सेंटिमीटर, भिंतीवर लावायचा तर तळहाताएवढा. पांढऱ्यावर काळा, चारही बाजूंना मोकळी जागा. फ्लेक्सवाला कोडच्या मध्ये देवाचा फोटो नाहीतर रंगीत पट्टा घालतो, मग तो स्कॅन होत नाही. छापण्याआधी दोन स्वस्त फोनवर तपासा, आणि कोड थेट एखाद्या कामाच्या पानावर नेणारा असू द्या.

दुवे

दुसऱ्या साइटने तुमच्या पानाचा दुवा दिला, की गूगलच्या नजरेत वजन वाढतं. ‘हजार बॅकलिंक’ विकणाऱ्यांना एक रुपया देऊ नका; दुव्यांची खरेदी गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्याने साइट खाली जाते. तालुक्याच्या बातम्यांची साइट, कॉलेज, जवळचं कृषी विज्ञान केंद्र, होमस्टेवाले यांना उपयोगी पडेल असं एक पान करा, उदाहरणार्थ तुमच्या तालुक्यातल्या सगळ्या आठवडी बाजारांचे वार, आणि त्यांना कळवा. असं पान लोक आपणहून जोडतात.

मोजणी

गूगल ॲनालिटिक्समध्ये (साइटवरचे वाचक मोजणारी गूगलची सेवा) व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक बहुतेकदा ‘डायरेक्ट’ दिसतो, म्हणजे कुठून आला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी टाकायच्या लिंकला वेगळे यूटीएम टॅग, म्हणजे पत्त्याच्या शेवटी जोडायचे ओळखीचे शब्द लावा: स्रोत, माध्यम आणि मोहीम. कृषी केंद्राच्या क्यूआरला वेगळा, चॅनेलला वेगळा. महिन्याभरात कळतं की कुठली वाट चालू आहे.

सर्च कन्सोलच्या कामगिरीच्या अहवालात महिन्यातून एकदा बसा. सरासरी क्रमांक ८ ते १५ आहे आणि पान खूपदा दिसूनही क्लिक मोजकेच आहेत, अशा ओळी शोधा. तिथे नवं पान लिहायचं नाही. त्याच पानाचा मथळा बदला, लोकांनी टाइप केलेला प्रश्न उपमथळा करून त्याचं उत्तर वाढवा, आणि जवळच्या तीन पानांवरून त्याला दुवा द्या. परिणाम बघायला महिनाभर थांबा. आठवड्याला मथळा बदलला, तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

जाहिरात

साइटवर वीस-पंचवीस कामाची पानं होईपर्यंत पैसे घालू नका. आलेला माणूस एक पान वाचून जातो, कारण पुढे वाचायला काही नसतं. घालायचेच असतील, तर शोधातून आधीच चालणारं पान निवडा. फेसबुकवर ‘बूस्ट’ दाबल्यावर बऱ्याचदा लाइक मिळवण्याचं उद्दिष्ट आपोआप ठरतं; वाचक हवेत, तर ॲड्स मॅनेजरमधून ‘ट्रॅफिक’ आणि त्यात ‘लँडिंग पेज व्ह्यू’ निवडा. नुसते ‘लिंक क्लिक’ निवडले, तर पान उघडण्याआधी परतलेल्यांचेही पैसे लागतात. ठिकाणात सगळा महाराष्ट्र ठेवू नका, तालुक्याच्या गावावर पिन टाकून घेर ठरवा. सुरुवातीला दिवसाला २०० रुपये, पाच दिवस. १८ टक्के जीएसटी धरून ११८० रुपये होतात. आलेल्यांपैकी किती जण दहा सेकंदांहून जास्त थांबले किंवा दुसरं पानही उघडून गेले, ते ॲनालिटिक्सच्या ‘एंगेज्ड सेशन’मध्ये बघा आणि शोधातून आलेल्यांशी ताडून बघा. संपण्याची तारीख टाकल्याशिवाय जाहिरात सुरू करू नका, नाहीतर ती चालूच राहते आणि खात्यातून पैसे कटत राहतात.